पळताना ऐकायला रेडिओ घ्यायचाय? आधी रस्ता बघा, मग इयरफोन, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी

सकाळी टेकडीवर पळायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा छोटा रेडिओ घेऊन येतं, सगळ्यांना दाखवतं, आणि पंधरा दिवसांनी विचारलं की कळतं तो घरी ड्रॉवरमध्ये पडलाय. कारण दरवेळी तेच, "घरी मस्त लागायचा गं, पळायला लागलं की नुसती खरखर." मी स्वतः असे दोन रेडिओ घेऊन बसलेय म्हणून सांगते, त्यातल्या एकाही रेडिओत बिघाड नव्हता. आपण रेडिओ घरात टेबलावर ठेवून निवडतो, त्याचा आवाज आणि रिव्ह्यूचे स्टार बघतो, आणि तो वापरायचा असतो हलत्या अंगावर, घामात, झाडं-बिल्डिंग-टेकडीच्या मधून. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा. मधली स्टेप गाळून डायरेक्ट मॉडेल शोधायला गेलात तर परत ड्रॉवरच.

स्टेप १: काय ऐकणार ते कागदावर लिहा, आकड्यासकट

"एफएम ऐकणार" एवढं पुरत नाही. पळायच्या वेळेत तुम्ही खरंच कुठली स्टेशन्स ऐकता ती लिहा आणि समोर फ्रिक्वेन्सी लिहा. माझी यादी अशी आहे: १०१ (पुण्याची विविध भारती), ९८.३, ९१.१, आणि विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४. शिवाय सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या मराठी बातम्या, त्या आमच्या घरी वर्षानुवर्षं पुणे केंद्राच्या मिडीयम वेव्हवर म्हणजे ७९२ किलोहर्ट्झवर लागतात.

हे लिहायचं कारण म्हणजे एफएम आणि मिडीयम वेव्ह पळताना अगदी वेगळं वागतात आणि त्यांचे अँटेनाही वेगळे. एफएमचा अँटेना म्हणजे तुमच्या इयरफोनची वायर. मिडीयम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, काळसर फेराइटची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. तुमच्या यादीत मिडीयम वेव्हचं एकही स्टेशन नसेल तर त्यासाठी पैसे आणि वजन कशाला वाढवता, नुसता एफएमवाला सेट हलका मिळतो. यादीत एखादं असेल तर मात्र स्टेप ४ मधला ९ आणि १० किलोहर्ट्झच्या पायरीचा भाग नीट वाचा, फसगत बहुतेक तिथेच होते.

स्टेप २: रेडिओ घ्यायच्या आधी रस्ता ऐकून या

ही स्टेप जवळपास सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

त्यासाठी नवीन काही आणायचं नाही. घरातला जुना कीपॅड मोबाईल चालतो, किंवा तुमच्या स्मार्टफोनमध्ये एफएमचं ॲप असेल तर ते. बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय असते आणि आपल्याला माहीतच नसते. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधली एफएमची सोय बंद करू नका, तेव्हा एकदा शोधून बघा. फक्त वायरचा इयरफोन लावा, त्याशिवाय बहुतेक फोनचं एफएम सुरूच होत नाही. फोनमध्ये गोल ३.५ एमएमचं भोक नसेल आणि तुम्ही टाईप-सीचा कन्व्हर्टर लावणार असाल तर त्यावर एफएम बऱ्याचदा चालत नाही, मग एका सकाळपुरता कुणाचातरी कीपॅड फोन मागून घ्या.

आता तुमचा नेहमीचा पळायचा रस्ता एकदा चालत आणि एकदा हळू पळत पूर्ण करा. कुठे आवाज जातो ते लक्षात ठेवा, म्हणजे अमुक वळण, तमुक सोसायटीची भिंत, पुलाखाली, खाणीच्या बाजूला. वेताळ टेकडीवर मला माथ्यावर सगळं स्वच्छ ऐकू येतं, खाणीकडे खाली उतरलं की दोन स्टेशन्स गायब. एफएमच्या लहरी साधारण सरळ जातात, टेकडी आडवी आली की पलीकडे सावली पडते, आणि कितीही महागडा खिशातला रेडिओ घेतला तरी ती सावली जात नाही. हे आधीच माहीत असलं की नव्या रेडिओला उगाच दोष दिला जात नाही.

चालताना नीट आणि पळताना खरखर असं का होतं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांब असते. शहरात तोच सिग्नल सरळही येतो आणि बिल्डिंगवर आपटूनही येतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि त्यामुळे साधारण दर दीड मीटरवर आवाजाचे चढ-उतार तयार होतात. घरात तुम्ही रेडिओ नकळत चढावर ठेवता म्हणून तो मस्त लागतो. ६ मिनिटाला किलोमीटर या वेगाने पळताना तुम्ही सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर जाता, म्हणजे सेकंदाला आवाजाचे साधारण दोन उतार, म्हणजे खड्डे. तीच ती फट-फट-फट खरखर. सिग्नल दणकट असेल तर खड्डे कळत नाहीत, कमजोर असेल तर फक्त खड्डेच ऐकू येतात.

> तपासा: यादीतलं प्रत्येक स्टेशन रस्त्याच्या निदान तीन ठिकाणी ऐकलं का? एखादं स्टेशन अर्ध्या रस्त्यावर लागतच नसेल तर ते यादीतून काढा. त्याच्यासाठी रेडिओ निवडायचा नाही.

स्टेप ३: इयरफोन ठरवा, म्हणजे अँटेना ठरवा

वर म्हटलं तसं एफएमसाठी वायर हाच अँटेना. साधारण पाऊण मीटर मोकळी वायर मिळाली की एफएमला छान जमतं, तो लहरीचा चौथा हिस्सा होतो. नेहमीच्या इयरफोनची वायर याहून थोडी लांबच असते म्हणजे लांबी पुरेशी आहे, पण लोक काय करतात, पळताना लोंबू नये म्हणून उरलेली वायर बोटाला गुंडाळून रबरबँड लावून खिशात कोंबतात. झालं, अँटेना गेला. मग म्हणतात रेडिओ भिकार.

ब्लूटूथबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. हल्ली ब्लूटूथवर आवाज पाठवणारे छोटे एफएम रेडिओ मिळतात, पण वायर नसली तर अँटेना कुठे आहे हे विचारा. आत दोन इंचाची तार असेल तर गावात एखादं जवळचं स्टेशन लागेल, टेकडीवर नाही. काहींमध्ये अँटेना म्हणून वेगळी छोटी वायर लावायची सोय असते, मग वायर लावायचीच असेल तर इयरफोनचीच का नको? डोक्यावर बसणारे, आतच रेडिओ असलेले हेडफोनही येतात, त्यात बाहेर निघालेली दांडी बोटाएवढी असते आणि कान एप्रिल-मेमध्ये अक्षरशः उकडतात. पळण्यासाठी मी ते कुणालाच सांगत नाही.

आता पिनचं. मोबाईलच्या माईकवाल्या इयरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, साध्या इयरफोनच्या पिनवर दोन. तीन रेघांची पिन काही रेडिओत नीट बसत नाही, मग आवाज पोकळ येतो, गाण्यातलं संगीत ऐकू येतं आणि गाणाराच गायब होतो. तुमच्याकडे असं झालं तर माईकचं बटण दाबून धरा, बटण दाबल्यावर आवाज नीट आला तर पिनचाच घोळ आहे, रेडिओ चांगला आहे. पण रोज बटण दाबून कोण पळणार, तेव्हा सरळ बिनमाईकचा, दोन रेघांचा इयरफोन घ्या आणि पिन काटकोनात वळलेली असेल तर उत्तम. सरळ पिन दर पावलाला हलते आणि काही महिन्यांत भोक ढिलं करते.

कानात घट्ट बसून बाहेरचं सगळं बंद करणारे रबरी इयरफोन रस्त्यावर नकोत. मी फक्त उजव्या कानात घालते. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणून समोरची गाडी दिसावी यासाठी पळायचं रस्त्याच्या उजव्या कडेने, आणि तसं पळताना रस्ता आपल्या डाव्या हाताला राहतो, तर डावा कान मोकळा हवा. राँग साईडने मागून येणारी बाईक, सायकल, कुत्रं, हे सगळं आधी कानालाच कळतं. एकच कान वापरणार असाल तर रेडिओत मोनो (म्हणजे दोन्ही कानांत एकच पूर्ण आवाज) करायची सोय हवीच, नाहीतर स्टिरिओमधला अर्धाच आवाज मिळेल. मोनोचा दुसरा फायदा याहून मोठा आहे, कमजोर सिग्नलवर स्टिरिओपेक्षा मोनोत खरखर खूप कमी होते. पळणाऱ्याने मोनोवरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

> सावधान: आवाज वाढवून वाढवून खरखर झाकायची सवय लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. खरखरीवरचा उपाय अँटेना आहे, व्हॉल्यूम नाही.

स्टेप ४: आता रेडिओ. काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

*पहिलं, बँड (म्हणजे आकड्यांचा पट्टा) आणि पायरी (म्हणजे बटण दाबल्यावर आकडा एका वेळी कितीने पुढे जातो).* परदेशातून आणलेल्या किंवा ऑनलाइन इम्पोर्टेड म्हणून घेतलेल्या सेटमध्ये हमखास चूक होते. माझ्या मावसभावानं मला जपानहून फार प्रेमाने एक सुंदर रेडिओ आणला, इतका हलका की खिशात आहे हे कळत नव्हतं. त्याच्यावर एफएम ७६ ते ९५. जपानचा पट्टाच तसा आहे. पुण्यात त्यावर ९१.१ आणि ९३.५ लागलं, ९८.३ नाही, १०१ नाही, १०७.४ तर नाहीच. जुने जपानी सेट ९० वरच संपतात, त्यांच्यावर इथलं प्रायव्हेट एफएम बहुतेक काहीच लागणार नाही. आपल्याला ८७.५ ते १०८ असा पट्टा लागतो, खोक्यावर तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

अमेरिकेतून आलेल्या डिजिटल सेटचा प्रश्न वेगळा. तिथे स्टेशन्स ९८.१, ९८.३, ९८.५ अशी दशांशात विषम आकड्यावरच असतात, त्यामुळे तिथले काही सेट ०.२ च्या उडीने पुढे जातात. अशा सेटवर ९८.३ आणि ९१.१ झकास लागेल, पण १०१.० आलंच की सेट १००.९ वरून डायरेक्ट १०१.१ वर उडी मारणार. १०७.४ चंही तेच. मिडीयम वेव्हवर तिथली पायरी १० किलोहर्ट्झची, आपली ९ ची. पुण्याचं ७९२ घ्या, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ घ्या, दोन्हीला ९ ने पूर्ण भाग जातो. १० च्या पायरीवर ७९० आणि ८०० मिळेल, मधलं ७९२ मिळणार नाही आणि ७९० वर ऐकलं तर शिट्टी आणि फाटका आवाज. चांगल्या सेटमध्ये देश किंवा पायरी बदलायची सेटिंग असते, कधी सेलच्या झाकणाखाली खटका असतो, कधी बटण दाबून धरून बदलता येते. ती आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेत, दुबईत, सिंगापुरात राहणाऱ्या नातेवाईकांना रेडिओ आणायला सांगणार असाल तर हेच एवढं लिहून पाठवा.

*दुसरं, ट्यूनिंग.* अंगठ्याने चकती फिरवून काटा हलवायचे सेट घरी आजीआजोबांना उत्तम, पळताना नाहीत. दणके बसले की काटा सरकतो, स्टेशन एका बाजूला घसरतं. आकडे दाखवणारा डिजिटल सेट एकदा १०१.० वर लावला की तिथेच बसतो. पण डिजिटलमध्येही एक गंमत आहे जी खोक्यावर लिहिलेली नसते: बऱ्याच नवीन सेटमधली चिप सिग्नल कमी झाला की खरखर ऐकू येऊ नये म्हणून आवाजच हळू करते. खुर्चीत बसून ऐकताना हे छान वाटतं, पळताना मात्र मघाचे ते दर दीड मीटरचे खड्डे आहेत ना, प्रत्येक खड्ड्यात आवाज दबतो आणि परत वर येतो, गाणं श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. मला खरखर चालते, हे नाही चालत. याला पर्याय नसतो म्हणून विकत घेतल्यावर लगेच टेस्ट करायची, ते पुढे येतंच.

*तिसरं, लॉक.* होल्ड किंवा लॉकचा खटका नसलेला डिजिटल रेडिओ पळायला घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो. मांडीला बटण लागतं आणि स्टेशन बदलतं, घाईत हात लावलात तर आवाज एकदम फुल. खटका सरकवायचा असावा, दाबून धरायचा असेल तर घामट बोटांनी वैताग येतो.

*चौथं, प्रीसेट, म्हणजे बटणावर साठवून ठेवलेली स्टेशन्स.* पाच-सहा पुरेत. पण न बघता बोटाने सापडेल असं बटण हवं आणि सेल बदलल्यावर प्रीसेट पुसले जातात का ते बघा. काही सेटमध्ये सेल काढून एक-दोन मिनिटांत नवा घातला तर राहतात, काहींत घड्याळासकट सगळं जातं.

*पाचवं, वजन आणि सेल.* सेलसकट ६०-७० ग्रॅमच्या वर गेलं की शॉर्ट्सचा खिसा उड्या मारतो. दोन पेन्सिल सेलचा सेट घेतलात तर नुसत्या सेलचंच वजन ४५ ग्रॅमच्या आसपास जातं, बारीकवाला म्हणजे ट्रिपल ए सेल साधारण १२ ग्रॅमचा. एका ट्रिपल ए वर चालणारा सेट पळायला सगळ्यात सोयीचा. रिचार्जेबल सेल वापरा, चांगल्या कंपनीचा ७५०-८०० एमएएचचा. त्याचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतो म्हणून रेडिओ बॅटरी अर्धीच दाखवेल, घाबरू नका. बाजारातले पुष्कळ छोटे रेडिओ जुन्या नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीवर चालतात. ती बॅटरी कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातही मिळते हा मोठा फायदा, फक्त फुगलेली बॅटरी परत घालू नका. आतच बसवलेली बॅटरी असेल तर ती मेल्यावर रेडिओही मेला असं समजून चला. टाईप-सीचं भोक दिसलं म्हणून खूष होऊ नका, स्वस्त सेट दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, त्यांना एका बाजूला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल लागते.

*सहावं, क्लिप.* मागे पक्की क्लिप हवी. प्लास्टिकची पातळ क्लिप पहिल्याच महिन्यात मोडते, म्हणून दुकानात दोनदा उघडझाक करून बघा. स्पीकर, टॉर्च, मेमरी कार्ड यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. स्पीकरमुळे जाडी वाढते आणि पाणी शिरायला जाळी मिळते.

आणि ज्यांच्याकडे एफएम असलेला जुना एमपीथ्री प्लेयर क्लिपसकट पडलाय त्यांनी आधी तो चार्ज करून वर दिलेल्या कसोट्या लावा. त्यात गाणीही असतात म्हणून खाणीच्या सावलीत एफएम गेलं की गाणी लावता येतात. मला विचाराल तर बऱ्याच जणांची गरज तिथेच भागेल.

स्टेप ५: पैसे देण्याआधी

दुकानात जाणार असाल, पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, तर स्वतःचा इयरफोन आणि स्वतःचे सेल घेऊन जा. दुकानाच्या आत रेडिओ लावून काहीच कळत नाही, तिथे एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही सगळ्यांची गुरगुर असते, मिडीयम वेव्हवर तर जास्तच. दुकानदाराला सांगून बाहेर रस्त्यावर या. मग एवढंच करा:

१. यादीतलं सगळ्यात कमजोर स्टेशन लावा. दणकट स्टेशन कुठल्याही सेटवर लागतं, त्यावरून काही ठरत नाही.
२. इयरफोनची वायर मुठीत धरा, सोडा. फरक किती पडतो बघा.
३. पिन हलकेच गोल फिरवा. कर्र आवाज आला किंवा एक कान बंद झाला तर तो पीस परत द्या.
४. आवाजाची सगळ्यात खालची पायरी ऐका. काही सेट पहिल्याच पायरीवर इतके मोठे असतात की शांत पहाटे त्रास होतो.
५. लॉक लावा आणि सगळी बटणं दाबा. एकही चालायला नको.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची अट आधी वाचा. पैसे परत मिळणार की फक्त तोच माल बदलून मिळणार, यात खूप फरक आहे. तुमच्या रस्त्यावर तो सेट जमत नसेल तर तसाच दुसरा घेऊन काय करणार? मी एकदा हे न वाचता घेतला आणि बदलून तोच मॉडेल परत आला, तो दुसरा ड्रॉवरवाला.

स्टेप ६: पहिल्या आठवड्यातली टेस्ट, याच क्रमाने

खोकं, बिल, प्लास्टिक काहीही फेकू नका. पहिल्या दिवशी घराबाहेर उभं राहून सगळी स्टेशन्स प्रीसेटमध्ये भरा, ऑटो स्कॅनवर विसंबू नका, स्कॅन कमजोर स्टेशन सोडून देतं आणि दणकट स्टेशन कधीकधी दोनदा पकडतं. आकडे हाताने लावा.

मग रेडिओ कपड्याला लावून जागेवर पन्नास उड्या मारा. आवाज तुटला तर सेलची स्प्रिंग ढिली आहे किंवा पिन. सेलच्या टोकाला अल्युमिनियम फॉईलची चिमुकली घडी लावून लोक काम भागवतात, पण नव्या सेटला असं करावं लागत असेल तर तो परत पाठवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेप २ मधला तोच रस्ता, तीच स्टेशन्स, आणि आधी मोनोवर, मग स्टिरिओवर. जुन्या फोनवर जिथे लागत होतं तिथे नव्या रेडिओवर लागत नसेल तर रेडिओ नापास, सरळ परत. फोनवरही जिथे लागत नव्हतं तिथे नाही लागला तर त्याला माफ करा. आवाज श्वासासारखा वरखाली होतो का ते याच वेळी कळेल.

> तपासा: फोन रेडिओच्या अगदी शेजारी ठेवला होता का? एकाच खिशात दोन्ही असतील तर आधी वेगळे ठेवून परत ऐका. बऱ्याचदा खरखर फोनचीच असते.

स्टेप ७: अंगावर कुठे आणि कसा लावायचा

एफएमसाठी कमरेला मागच्या बाजूला, थोडासा उजवीकडे, ही जागा मला सगळ्यात चांगली वाटते. वायर पाठीवरून सरळ वर जाते, तिची पूर्ण लांबी उभी मिळते आणि हात हलताना मध्ये येत नाही. टी-शर्टच्या आतून न्यायची असेल तर बनियनच्या वरून आणि टी-शर्टच्या खालून, म्हणजे थेट ओल्या कातडीला चिकटत नाही. अंग सिग्नल खातं, घामाने चिकटलेली वायर मोकळ्या वायरपेक्षा कमीच पकडते. मानेजवळ छोट्या चिमट्याने वायर कॉलरला पकडून ठेवा, तिथून कानापर्यंत थोडी ढील, म्हणजे मान वळवली तरी ओढ बसत नाही. दंडाच्या पट्ट्यात लावलं की प्रत्येक पावलाला अँटेना हातासोबत हलतो आणि वायर अर्धी उरते, मग लोक ती गुंडाळतात. नका लावू.

मिडीयम वेव्हचा नियम वेगळा. बहुतेक छोट्या उभ्या रेडिओत फेराइटची कांडी वरच्या कडेने आडवी असते. रेडिओ उभा लावला तर ती आडवी राहते, जशी हवी तशी. तोच रेडिओ पट्ट्याला आडवा अडकवला की कांडी उभी होते आणि सगळीकडेच आवाज पडतो. शिवाय कांडीचं टोक स्टेशनकडे वळलं की आवाज बुडतो. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पळणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल, प्रत्येक राउंडला दोन ठिकाणी आवाज जातो, रोज त्याच दोन ठिकाणी. त्यावर उपाय म्हणून रेडिओ पोटाजवळून कुशीला लावून बघा, कांडीची दिशा बदलते आणि बुडायची जागा सरळ पट्ट्यावरून वळणावर ढकलता येते. हाय टेन्शनच्या तारांखाली गुरगुर येणारच, तिथे काही उपाय नाही.

> सावधान: स्पर्धेत वेळ आणि नंबरासाठी पळणार असाल तर आधी आयोजकांचे नियम वाचा. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या जागेत रेडिओ बाळगणं किंवा वापरणं हे बाहेरची मदत धरलं जातं. हौशी गटात बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत, पण विचारलेलं बरं.

स्टेप ८: घाम आणि पाऊस

छोटे रेडिओ पावसापेक्षा घामाने जास्त मरतात. घामातलं मीठ सेलच्या स्प्रिंगवर आणि पिनच्या भोकात हिरवट थर धरतं. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर शिंतोडे चालतात, काहीच लिहिलं नसेल तर पाणी चालत नाही असंच धरा. जून ते सप्टेंबर रेडिओ छोट्या झिपच्या पिशवीत घालायचा, पिशवीच्या कोपऱ्याला वायरपुरतं भोक आणि ते भोक खाली ठेवायचं, वर नाही. पिशवीने सिग्नलला काही होत नाही, प्लास्टिक आहे. ॲल्युमिनियमचा कागद किंवा चमकणारी चंदेरी पिशवी मात्र नको, मिडीयम वेव्हचा अँटेना आतच असतो.

घरी आल्यावर पिन काढा, किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने रेडिओ आणि इयरफोनची पिन दोन्ही पुसा, सेलचं झाकण उघडून पंख्याखाली ठेवा, झाकण तासाभराने बंद करा. भिजलाच तर सेल लगेच बाहेर, चालू करून बघायचा मोह टाळा, पूर्ण दोन दिवस वाळू द्या. आठवडाभर पळणार नसाल तर सेल काढूनच ठेवा, साधे सेल आत गळले की स्प्रिंग खातात आणि मग उड्या मारल्यावर आवाज तुटायला लागतो.